अकराची परीक्षा, पावणेअकराचे सर्व्हर

कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा ज्यांना निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. समुद्रपूरला संगणक शिकणाऱ्या मुलामुलींसमोर झालेलं हे बोलणं आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे काय की" थोडे कमी केलेत. तर वाचा.

---



मी याच तालुक्यातला. नागपूरहून येताना जामला हायवे सोडला आणि समुद्रपूरच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. आज विषय क्लाउडचा आहे, पण सुरुवात मी शेतातून करणार आहे. कारण मला क्लाउड जरा उशिरा समजला आणि शेत आधीच समजलेलं होतं. दोन्हीत गोष्ट एकच आहे, हे कळायला मात्र एक रविवार वाया जावा लागला. त्या रविवारची गोष्ट सांगतो.

आमची छोटी टीम होती, चार जणांची. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी सराव परीक्षेचं ॲप चालवायचो. दर रविवारी सकाळी ११ वाजता पेपर सुरू. १०० गुण, ९० मिनिटं, खऱ्या लेखी परीक्षेसारखंच. आठवडाभर ॲपवर फारसं कोणी नसायचं. कोणी जुने पेपर बघतंय, कोणी उत्तरं तपासतंय. आणि रविवारी अकराच्या ठोक्याला आठ हजार मुलं एकदम.

आम्ही काय केलं होतं? ऑटोस्केलिंग लावलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लाउडमध्ये सर्व्हर भाड्याने मिळतात, पाहिजे तेव्हा वाढवायचे, नको तेव्हा कमी करायचे. ऑटोस्केलिंग म्हणजे हे वाढवणं-कमी करणं यंत्रावर सोपवायचं. सर्व्हरवरचा ताण अमुक टक्क्यांच्या वर गेला की नवीन सर्व्हर उभा कर, ताण उतरला की बंद कर. आम्हाला वाटलं, झालं काम. आता आपण निवांत.

तो रविवार असा गेला. ११ वाजता मुलं आली. दोन सर्व्हर होते, ते मिनिटभरात गुदमरले. पण यंत्राला लगेच खात्री पटत नाही. ताण खरंच वाढलाय की क्षणभराचा झटका आहे, हे बघायला आमच्या मांडणीत तीन मिनिटं जायची. मग नवीन सर्व्हर मागवला जायचा. तो सुरू होऊन, आमचं सॉफ्टवेअर चढवून, कामाला लागेपर्यंत आणखी चार मिनिटं. म्हणजे ११ वाजून ७ मिनिटं. तोवर मुलं काय करत होती? तुम्ही काय करता? रिफ्रेश! पुन्हा रिफ्रेश! दर दहा सेकंदांनी एकाने दाबलं तरी एका मिनिटात एका मुलाची सहा मुलं होतात. सर्व्हरला आठ हजार नाही, अठ्ठेचाळीस हजार दिसतात.

त्या दिवशी एका मुलीचा फोन आला. आपल्याच जिल्ह्यातली. घरी नेटवर्क नीट येत नाही म्हणून मावशीच्या गावाला येऊन पेपर द्यायला बसली होती. ती म्हणाली, "दादा, माझी दहा मिनिटं गेली. वाढवून द्याल का?" आमच्याकडे तशी सोयच नव्हती. पेपर साडेबाराला सगळ्यांचा एकदम बंद व्हायचा. ती भांडली नाही, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रात्री घरी बाबांना सांगितलं. त्यांना सर्व्हर वगैरे काही कळत नाही. त्यांनी एकच विचारलं, "काहून रे बाबू, पेपर अकराले आहे हे तुले कधी कळलं?" मी म्हटलं, "बाबा, दर रविवारी अकरालाच असतो." ते म्हणाले, "मंग अकरा वाजेपर्यंत तू कोणाची वाट पाहून राहिला होता?"

सगळा विषय या एका प्रश्नात आहे. पुढे जे सांगतोय तो त्याचा विस्तार आहे.

शेतात मजूर तीन प्रकारचे

बघा, शेतकरी माणसं कशी ठेवतो. पहिला सालगडी. गुढीपाडव्याला ठरतो, वर्षभरासाठी. काम कमी असो, जास्त असो, तो आहेच. बैल, पाणी, राखण, रोजचं काम त्याच्याकडे. वर्षाचं ठरलेलं असल्यामुळे रोजच्या हिशेबाने तो स्वस्त पडतो.

दुसरे, वेचणीचे मजूर. बोंडं फुटायला लागली की वेचणी येणार हे शेतकऱ्याला आधीच दिसतं. म्हणून तो आठ-दहा दिवस आधी जाऊन बोलून ठेवतो. "सोमवारी या, इतक्या बाया लागतील." काम झालं, हिशेब झाला, त्या दुसऱ्याच्या शेतात.

तिसरा प्रकार, ऐनवेळचा. ढग भरून आले, कापूस भिजणार. मग जो भेटेल त्याला, मागेल त्या मजुरीवर. उशिरा मिळतो, महाग मिळतो, कधी मिळतच नाही. पण तोही लागतो, कारण पाऊस सांगून येत नाही.

आता क्लाउडमध्ये हेच बघा. एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी दिली की सर्व्हर बऱ्याच सवलतीत मिळतो, तो सालगडी. घड्याळ लावून आधीच सर्व्हर वाढवायचे, याला शेड्यूल्ड स्केलिंग म्हणतात, ते वेचणीचे मजूर. आणि ताण वाढल्यावर धावपळ करणारं ऑटोस्केलिंग, तो ऐनवेळचा मजूर.

आमची चूक काय होती? वेचणी दर रविवारी ठरलेली होती आणि आम्ही ती ऐनवेळच्या मजुरांवर सोडली होती.

हिशेब कागदावर मांडा

बरेच जण म्हणतात, मग जास्तीचे सर्व्हर कायमचे ठेवा ना, कटकट नको. चला, हिशेब करू. आकडे सोपे घेतो. समजा एका सर्व्हरचं भाडं तासाला १० रुपये.

आधी किती सर्व्हर लागतात ते काढू. आठ हजार मुलं पहिल्या ३० सेकंदांत आली. एक मूल पेपर उघडतं तेव्हा सर्व्हरकडे साधारण ६ विनंत्या जातात. म्हणजे ४८,००० भागिले ३०, सेकंदाला १,६००. आम्ही चाचणी घेतली तेव्हा एक सर्व्हर सेकंदाला २०० विनंत्या नीट पेलत होता. म्हणजे ८ सर्व्हर. दोन वरचे राखीव, म्हणजे १०.

दहा सर्व्हर वर्षभर चालू ठेवले तर? १० गुणिले १० रुपये गुणिले ८,७६० तास. ८ लाख ७६ हजार रुपये. चार पोरांच्या टीमला हे झेपणारच नाही.

आता दुसरी मांडणी. दोन सर्व्हर कायमचे. वर्षाचे १ लाख ७५ हजार २०० रुपये. बाकीचे आठ फक्त रविवारी साडेदहा ते एक, अडीच तास. ८ गुणिले अडीच गुणिले १० रुपये, म्हणजे एका रविवारचे २०० रुपये. ५२ रविवारांचे १०,४०० रुपये. एकूण १ लाख ८५ हजार ६००. कायमच्या दोन सर्व्हरवर वर्षाची बांधिलकी देऊन समजा ३० टक्के सूट मिळाली, तर एकूण खर्च १ लाख ३३ हजार ४० रुपयांवर येतो.

लक्षात घ्या, त्या मुलीची दहा मिनिटं वाचवायला आम्हाला त्या रविवारी २०० रुपये जास्त लागले असते. ती मिनिटं पैशांअभावी गेली नाहीत, आम्ही कॅलेंडर बघितलं नाही म्हणून गेली.

मग नेमकं निवडायचं कसं?

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, गर्दी कधी येणार हे कोणी जाहीर केलंय का? परीक्षेची वेळ, निकालाची वेळ, रेल्वेचं तत्काळ बुकिंग एसीसाठी सकाळी १० ला आणि नॉन-एसीसाठी ११ ला. जाहीर असेल तर घड्याळ लावा. दुसरा काही विचार नको.

दुसरा, वेळ कोणी जाहीर केलेली नाही, पण रोज तसंच होतं का? उदाहरणार्थ, बाजारभाव दाखवणारं ॲप. सकाळी शेतकरी माल घेऊन निघायच्या आधी बघतात, दुपारी शांत, संध्याकाळी पुन्हा. अशा लाटेसाठी प्रेडिक्टिव्ह स्केलिंग असतं. मागचा डेटा बघून यंत्र पुढचा अंदाज बांधतं. पण त्याची आठवण किती, हे माहीत पाहिजे. ॲमेझॉनच्या ईसी-टू सेवेत ते जास्तीत जास्त मागच्या १४ दिवसांचा डेटा बघतं आणि पुढच्या ४८ तासांचा अंदाज देतं. रोजची, आठवड्याची लाट त्याला कळते. वर्षातून एकदा येणारा निकाल मात्र त्याच्या आठवणीतच नसतो. दहावीच्या निकालासाठी त्याच्यावर विसंबलात तर ते तुम्हाला सांगेल, "गेला पंधरवडा तर शांत होता की!"

तिसरा, यातलं काहीच माहीत नाही? तर साधं ऑटोस्केलिंग. आणि वरचे दोन उपाय केले तरी हे खाली असू द्याच. आठ हजारांच्या जागी बारा हजार आले तर सांभाळायला कोणीतरी पाहिजे.

म्हणजे एकच एक पर्याय निवडायचा नसतो. तळाला सालगडी, त्यावर वेचणीचे मजूर, आणि अडीअडचणीला ऐनवेळचा. कोणाला किती काम द्यायचं, तेवढं तुम्ही ठरवायचं.

आम्ही घड्याळ लावलं, आणि पुन्हा पडलो

हसू नका. पुढच्या आठवड्यात मीच घड्याळ लावलं. रविवार, सकाळी १०:३०, सर्व्हर दहा करा. रविवारी साडेदहा वाजले, दोनच सर्व्हर. पावणेअकरा, दोनच. मी हातानेच वाढवले, कसंबसं निभावलं. आणि दुपारी ४ वाजता, सगळे जेवून झोपलेले असताना, दहा सर्व्हर थाटात उभे राहिले.

काय झालं होतं? तुम्ही काही सांगितलं नाही तर ते वेळापत्रक यूटीसीमध्ये चालतं, भारतीय वेळेत नाही. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यांचे साडेदहा म्हणजे आपले दुपारचे चार. एक तर सकाळी साडेदहाचं पाच वाजता असं रूपांतर करून लिहा, नाहीतर टाइमझोनच्या जागी एशिया-कोलकाता निवडा. हे वाक्य आजच वहीत लिहून ठेवा, कधीतरी तुमचा रविवार वाचेल.

त्याच्या पुढच्या रविवारी वेळ बरोबर होती. साडेदहाला दहा सर्व्हर उभे. मी चहा प्यायला गेलो. आलो तर सहाच! कारण साडेदहा ते अकरा गर्दीच नव्हती. ऑटोस्केलिंगने बघितलं, सर्व्हर रिकामे बसलेत, आणि एकेक घरी पाठवायला सुरुवात केली. बोलावलेले मजूर मुकादमाने परत पाठवावेत, तसं.

यावर उपाय सोपा आहे. वेळापत्रकात फक्त "आत्ता दहा हवेत" असं सांगायचं नाही. "कमीत कमी दहा" ही मर्यादाच वर न्यायची. मग यंत्र दहाच्या खाली जाऊच शकत नाही. एक वाजता ती मर्यादा पुन्हा दोनवर आणायची. परत आणायचं वेळापत्रक विसरलात तर महिनाअखेरीस बिल आठवण करून देतं.

आणि एक वाजताच का? पेपर तर साडेबाराला संपतो. कारण १२:३० ला दुसरी लाट येते. आठ हजार मुलं एकदम उत्तरं पाठवतात. पेपर वाचण्यापेक्षा उत्तर साठवणं सर्व्हरला जड जातं. सुरुवात सांभाळली आणि शेवट विसरला, असं होऊ देऊ नका.

यावरून क्रिकेटचं एक मोठं उदाहरण सांगतो. जुलै २०१९, वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत विरुद्ध न्यूझीलंड. हॉटस्टारवर एकाच वेळी अडीच कोटींपेक्षा जास्त लोक सामना बघत होते. धोनी रनआउट झाला आणि लोक निघाले. तुम्हाला वाटेल, चला, लोड कमी झाला. पण लोक ॲप बंद करत नाहीत, मागे जायचं बटण दाबतात आणि होमपेजवर येतात. म्हणजे व्हिडिओवरचा भार उतरतो आणि होमपेजवर एकदम कोटींची गर्दी होते. त्यांच्या इंजिनीअरांनी हे जाहीर भाषणांत सांगितलंय. अशा सामन्यांसाठी ते नुसत्या ऑटोस्केलिंगवर विसंबत नाहीत. किती प्रेक्षकांना किती सर्व्हर, याची शिडी आधीच बांधून ठेवतात आणि कायम दोन पावलं पुढे राहतात.

सर्व्हर वाढवूनही अडतं ते इथे

एक सावधगिरी. सर्व्हर दहाचे चाळीस केले म्हणून काम चौपट होतंच असं नाही. सगळे सर्व्हर शेवटी एकाच डेटाबेसकडे जातात. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस घ्या. काही बदललं नाही तर तो एका वेळी १०० कनेक्शन घेतो. तुमचा प्रत्येक सर्व्हर २० कनेक्शन उघडत असेल, तर पाच सर्व्हरमध्येच शंभर संपले. सहावा सर्व्हर दारात उभा. वेचणीला बाया पन्नास आणल्या आणि वजन करायला काटा एकच, तर रांग काट्यापाशीच लागणार.

म्हणून सर्व्हर वाढवण्याआधी काम कमी करता येतं का, ते बघा. दहावीच्या निकालाचंच घ्या. आपण नागपूर विभागात येतो, निकाल दुपारी १ ला लागतो. १६ जुलै २०२१ आठवतं? कोरोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल होता, ९९.९५ टक्के. जवळपास पावणेसोळा लाख मुलं. निकालाची वेळ आधी जाहीर झालेली, आणि तरी संकेतस्थळं कित्येक तास उघडत नव्हती. तुमच्यातले काही जण त्याच बॅचचे असतील. पास होणार हे जवळजवळ सगळ्यांना माहीत होतं, तरी ते आकडे डोळ्यांनी बघेपर्यंत घरातलं कोणी जेवलं नसेल.

आता विचार करा. निकाल एकदा लागला की बदलत नाही. एका मुलाचं गुणपत्रक साध्या मजकुरात २ केबीचं धरलं, तर पावणेसोळा लाख मुलांचे होतात साधारण ३ जीबी. अख्ख्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल तुमच्या मोबाइलच्या मेमरी कार्डात मावतो! अशा गोष्टीसाठी दर वेळी डेटाबेसला उठवायचं कशाला? पानं आधीच तयार करून ठेवायची आणि सीडीएनवर, म्हणजे देशभर पसरलेल्या साठवणीच्या सर्व्हरवर ठेवायची. एक वाजता फक्त कुलूप उघडायचं. अलीकडे निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही एकाच वेळी मिळतो. गर्दी वाटून देणं हाही त्यातलाच शहाणपणा.

आम्हीही शेवटी तेच केलं. पेपर कुलूपबंद करून साडेदहापासूनच मुलांच्या मोबाइलवर उतरवायला लागलो. कोणाचा १०:३५ ला उतरला, कोणाचा १०:५० ला. अकरा वाजता फक्त छोटीशी किल्ली पाठवायची. लाट पसरली, आणि दहाच्या जागी सहा सर्व्हरमध्ये भागायला लागलं. उशिरा सुरू झालेल्याला उशिरापर्यंत वेळ, ही सोयही टाकली. ती खरं तर पहिल्या दिवसापासून हवी होती.

तालीम

शेवटचं. मोठ्या दिवसाआधी तालीम करा. के-सिक्स, जेमीटर, लोकस्ट, अशी मोफत साधनं आहेत. खोटी गर्दी तयार करून स्वतःच्याच ॲपवर सोडायची आणि आधी काय तुटतं ते बघायचं. तालीम आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा. कारण क्लाउडच्या नव्या खात्याला एका वेळी किती सर्व्हर घेता येतील यावर मर्यादा असते. ती वाढवून मागावी लागते आणि मंजुरीला वेळ लागू शकतो. मजुरांना ऐन सोमवारी सकाळी सांगून चालत नाही, तसंच आहे हे.

तुमच्यातल्या प्रत्येकाला क्लाउडमध्येच काम मिळेल असं नाही. पण कोणी ग्रामपंचायतीचं पोर्टल बनवेल, कोणी बियाण्यांच्या दुकानाचं ॲप, कोणी ॲडमिशनचा फॉर्म. त्या प्रत्येकात एक दिवस असा असेल की सगळे एकदम येतील, आणि तो दिवस तुम्हाला आधीच माहीत असेल. म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. तुम्ही वापरता त्या एखाद्या ॲपचं वर्षाचं कॅलेंडर कागदावर काढा. कोणत्या तारखेला, किती वाजता गर्दी होते, किती वेळ टिकते आणि दुसरी लाट कधी येते. चार रकाने. कोड नंतर लिहा.

त्या मुलीने पुढच्या रविवारीही पेपर दिला होता. उपस्थितीच्या यादीत तिचं नाव दिसलं. त्या दिवशी कोणाचीच मिनिटं गेली नाहीत, पण ते काही घड्याळामुळे नव्हतं. मी हाताने सर्व्हर वाढवत बसलो होतो म्हणून. सर्व्हर आपले आपण वेळेवर उभे राहायला त्यानंतर आणखी दोन रविवार लागले.

आता प्रश्न विचारा, आणि चहा आलाय, तो घेत घेत विचारा.

---

हा भाग आवडला तर आपल्या ग्रुपवर पाठवा. आणि तुम्ही काढलेल्या कॅलेंडरचा फोटो आम्हालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!